‘पोर्ट’ला दरवेळी ‘बंदर’ म्हणायचं का?

कळंबोलीच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. तो उरणच्या वाटेवरच्या एका कंटेनर यार्डात नोकरीला आहे. साहेबांनी त्याच्या हातात बावीस पानांची इंग्रजी सूचना-पुस्तिका दिली आणि सांगितलं, ‘कामगारांसाठी मराठी कर.’ तो लिहितो : “यात पोर्ट हा शब्द एकेचाळीस वेळा आलाय. कुठे बंदर आहे, कुठे जहाजाची बाजू, कुठे स्कॅनरचं यूएसबी पोर्ट, एका ठिकाणी तर कंपनीचे नंबर पोर्ट करायला सांगितलंय. हे सगळे एकाच शब्दाचे अर्थ की वेगवेगळे शब्द? आणि सगळीकडे ‘बंदर’ लिहून चालेल का?”

नाही चालणार. पण तुमचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा चांगला आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहिते. मी सव्वीस वर्षं तांत्रिक मजकुराचा अनुवाद करते, राहायला नेरुळला, त्यामुळे जहाजांची, यंत्रांची आणि दवाखान्यांची कागदपत्रं माझ्या टेबलावर एकत्रच येतात. या एका शब्दाने मला जितकं फसवलंय तितकं लांबलचक शास्त्रीय संज्ञांनी कधी फसवलं नाही. लांब शब्द आला की आपण आपोआप कोश उघडतो. चार अक्षरी शब्दाला कोण कोश उघडतंय?

तुम्ही खरं तर दोन प्रश्न विचारलेत. एक शब्दाच्या घराण्याचा आणि दुसरा तुमच्या पुस्तिकेचा. घराणं कळलं की पुस्तिकेचं अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं, पुस्तिका कोण वाचणार यावर ठरतं.

लॅटिनमध्ये तीन शब्द होते. पोर्टुस म्हणजे जहाज येऊन थांबण्याची सुरक्षित जागा. पोर्टा म्हणजे दार, वेस. आणि पोर्टारे म्हणजे वाहून नेणे. इंग्रजीत येईपर्यंत तिघांच्या शेपट्या झडल्या आणि तिघांचाही ‘पोर्ट’ झाला. म्हणजे इंग्रजीपुरते हे वेगवेगळे शब्द, फक्त उच्चार आणि लेखन एक. मराठीतही हे होतंच की. ‘कर’ म्हणजे हात, ‘कर’ म्हणजे महापालिकेचा कर आणि ‘कर’ म्हणजे आईची आज्ञा.

पण आणखी मागे गेलात तर हे तिन्ही शब्द बहिणी निघतात. भाषाशास्त्रज्ञ त्यांना एकाच प्राचीन धातूपर्यंत नेतात आणि त्या धातूचा अर्थ ‘पलीकडे जाणे, पलीकडे नेणे’ असा धरतात. संस्कृतातला ‘पृ’ धातू आणि त्यापासून आलेला ‘पार’ हे त्याच घराण्यातले. म्हणजे ‘पैलपार’, ‘नदी पार केली’, ‘लग्न पार पडलं’ यांतला पार हा पोर्टचा लांबचा नातलग. झाडाभोवतीचा पार यात धरू नका. इंग्रजीत उथळ नदी ओलांडायच्या जागेला फोर्ड म्हणतात, तोही यातलाच. सगळ्यात गंमत ‘पूल’ या शब्दाची. तो आपल्याकडे फारसीतून आला, आणि त्याचं जुनं इराणी रूप लॅटिनच्या पोर्टुसचं थेट भावंड आहे. म्हणजे तुम्ही वाशीचा पूल ओलांडून मुंबई पोर्टला जाता तेव्हा एकाच शब्दावरून निघून त्याच शब्दापाशी पोचता.

आता मुद्द्याचं. वाक्यात पोर्ट दिसला की मी स्वतःला विचारते, इथे काय चाललंय? जहाज येऊन थांबतंय, कशातून तरी काही आत-बाहेर जातंय, की एखादी गोष्ट उचलून दुसरीकडे नेली जातेय? बहुतेक वाक्यं एवढ्यावर सुटतात. एक अर्थ मात्र या तिघांतही सरळ बसत नाही, आणि धोक्याचा तोच आहे. त्याच्याकडे येतेच.

जहाज थांबतंय तिथे बंदर. यात वाद नाही. हा शब्दही फारसीतूनच आलेला, पण आता इतका आपला झालाय की ठाण्याचा नकाशा त्याच्याशिवाय काढता येणार नाही. घोडबंदर, नागलाबंदर, रेतीबंदर. खाडीतून काढलेली रेती जिथे उतरायची ते रेतीबंदर, आणि घोडबंदराला परदेशातून घोडे उतरायचे म्हणून ते नाव, असं सांगतात. आता तिथे घोडा नाही, गलबत नाही, आहे ती फक्त वाहतूक कोंडी. पण नावाने जागेची जुनी ओळख धरून ठेवलीय. (आमच्या सोसायटीत लखनौहून आलेल्या एका कुटुंबातली मुलगी ‘घोडबंदर’ची पाटी वाचून खूप हसली होती. घोडा पण आणि माकड पण! हिंदीतलं ते बंदर ‘वानर’पासून आलेलं, हे फारसीतून. तुमच्या पोर्टसारखंच प्रकरण.)

पण बंदर लिहितानाही जरा जपून. बंदर म्हणजे सगळा परिसर. जहाज प्रत्यक्ष जिथे टेकतं तो धक्का, मालाची चढ-उतार आणि जहाजाची दुरुस्ती होते ती गोदी. इंग्रजी मजकूर लिहिणारे लोक हे शब्द कधीकधी ढिलेपणाने वापरतात. ‘पोर्टवर गाडी उभी करू नये’ असं असेल तर ते धक्क्याबद्दल आहे की गेटच्या आतल्या सगळ्या आवाराबद्दल, हे साहेबांना विचारून घ्या. न्हावा शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ पासून चालू आहे आणि त्याचं आवार केवढं आहे हे तुम्ही रोज बघता. ‘बंदरात गाडी लावू नका’ असं लिहिलं तर ड्रायव्हरने ट्रक न्यायचा कुठे?

तुमच्या यादीत एके ठिकाणी ड्रायपोर्टही दिसला. तिथे पाणी नाही, जहाज नाही. आतल्या मुलखात कस्टमची तपासणी होऊन, कंटेनरला सील लागून माल रेल्वेने किंवा रस्त्याने खऱ्या बंदराकडे निघतो. जालन्याला असं केंद्र उभं राहतंय, आणि तिथल्या बातम्यांत सरळ ‘ड्रायपोर्ट’ लिहितात. मीही तेच लिहीन. ‘कोरडं बंदर’ शब्दाला धरून आहे, पण वाचणाऱ्याला दुष्काळ आठवतो.

दुसरी बहीण दाराची. जहाजाच्या कुशीत तोफेचं तोंड बाहेर काढायला झरोके ठेवत, त्यांना पोर्ट म्हणत. हा शब्द फ्रेंचमधल्या ‘दार’ या अर्थाच्या शब्दातून आला. गोल खिडकीचं पोर्टहोल त्यातूनच. पुढे वाफेच्या इंजिनात वाफ आत-बाहेर जाण्याच्या वाटेला पोर्ट म्हणू लागले, मग हायड्रॉलिक पंपात तेलाच्या तोंडाला, आणि शेवटी संगणकात. आपल्या घरासमोरचं पोर्चसुद्धा लॅटिनच्या त्या दारापासूनच आलंय.

संगणकातही दोन प्रकार आहेत. एक हाताला लागणारा, ज्यात वायर खुपसतो तो. दुसरा नुसता आकडा. एकाच यंत्रावर मेल, वेबसाइट, फाइली असं सगळं एकाच पत्त्यावर येतं, म्हणून प्रत्येक कामाला दाराचा नंबर दिलेला असतो. सुरक्षित वेबसाइटसाठी ४४३, मेल पाठवणाऱ्या यंत्रणांसाठी २५. हा आकडा सोळा बिटांत मावायचा असल्यामुळे ० ते ६५,५३५ एवढीच दारं. माझ्या सुरुवातीच्या काळात एका कार्यालयासाठी मी सुरक्षेच्या सूचना मराठीत केल्या होत्या आणि त्यात एक वाक्य छापून गेलं : ‘वापरात नसलेली बंदरे तातडीने बंद करावीत.’ सरकारी फतवा शोभावा असं वाक्य. तिथल्या एका कारकुनाने ते कापून भिंतीवर चिकटवलं होतं, म्हणे.

या अर्थाला मराठी शब्द शोधू नका, पोर्टच ठेवा. ‘द्वार’ लिहिणारे भेटतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण स्टेशनजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जा, मुलगा सांगेल, ‘मॅडम, चार्जिंगचा पोर्ट गेलाय.’ त्याच्या तोंडी शब्द बसलाय. आणि नीट ऐकलंत तर त्याने तो पुल्लिंगी केलाय. ‘पोर्ट गेलाय.’ उलट माझ्या कानावर येतं ते ‘न्हावा शेवा पोर्ट मोठं आहे’, म्हणजे बंदराचं नपुंसकलिंग तसंच पोर्टला चिकटलेलं. इंग्रजीने एकत्र कोंबलेले दोन शब्द मराठी बोलणाऱ्यांनी न ठरवता लिंगावरून वेगळे केले. तुमच्या पुस्तिकेतही हा फरक पाळा. बंदराला ‘ते’, यंत्राच्या तोंडाला ‘तो’.

वाचक कोण, यावर कसं बदलतं त्याचं एक उदाहरण. केमोथेरपीच्या रुग्णांना छातीवर, गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत एक छोटी डबी बसवतात आणि तिची नळी मोठ्या शिरेत सोडतात, म्हणजे दरवेळी हाताची शीर शोधत टोचायला नको. तिला पोर्ट म्हणतात. डॉक्टरांसाठीच्या मजकुरात मी नुसतं ‘केमो पोर्ट’ लिहीन. पण गावाकडून आलेल्या, घाबरलेल्या माणसाच्या हातात जाणाऱ्या पत्रकात ‘पोर्ट, म्हणजे औषध सोडण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी’ असं एकदा लिहून मगच पुढे पोर्ट पोर्ट म्हणेन. शब्द तोच ठेवायचा, कारण नर्सही तोच म्हणणार आहे.

तिसरी बहीण ओझं वाहणारी. एक्सपोर्ट म्हणजे बाहेर नेणं, इम्पोर्ट म्हणजे आत आणणं, ट्रान्सपोर्ट म्हणजे पल्याड नेणं, रिपोर्ट म्हणजे परत आणून देणं, सपोर्ट म्हणजे खालून तोलून धरणं. स्पोर्टसुद्धा यातलाच : मन कामावरून दुसरीकडे नेणं, अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दाचं डोकं उडून तो उरला. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये पोरांच्या शाळेच्या दप्तराला पोर्ट म्हणतात, तेही याच घरचं. पण दिसेल ते पकडून आणू नका. पोर्शन आणि पोर्ट्रेट या घरातले नाहीत, नुसते चेहऱ्याने सारखे आहेत.

तुमचं ‘नंबर पोर्ट करा’ इथे बसतं. देशभरात ही सोय २०११ च्या जानेवारीत आली. पोर्ट लिहून पुढे नंबर टाकायचा आणि १९०० ला मेसेज करायचा, हे आता आमच्या कामवाल्या मावशीही जाणतात. म्हणून ‘पोर्ट करणे’ हे मराठी क्रियापद झालंय असं मी धरते. ‘नंबर तोच ठेवून कंपनी बदलणे’ असं एकदा समजावून द्या, बस्स. पॉलिसी पोर्ट करतात तेही असंच.

आता धोक्याचा अर्थ. जहाजाची डावी बाजू म्हणजे पोर्ट आणि उजवी म्हणजे स्टारबोर्ड. यातला स्टार आकाशातला तारा नव्हे, तो सुकाणू या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाचा अवशेष आहे. पूर्वी सुकाणू म्हणजे मागे उजव्या अंगाला लावलेलं मोठं वल्हं असे. ते धक्क्यावर आपटून मोडू नये म्हणून जहाज डाव्या अंगाने धक्क्याला लावत आणि माल तिकडूनच चढवत. त्या बाजूला आधी लारबोर्ड म्हणत. वाऱ्यापावसात ओरडून सांगताना स्टारबोर्ड आणि लारबोर्ड सारखेच ऐकू यायचे, त्यातून गोंधळ व्हायचा. शेवटी ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये हुकूम काढून लारबोर्ड बंद केला आणि पोर्ट पक्का केला. अमेरिकेच्या नौदलाने दोन वर्षांनी तेच केलं. ही बाजू बंदराकडे असायची म्हणून पोर्ट, की तिच्यात माल चढवायचं दार असायचं म्हणून पोर्ट, दोन्ही खुलासे दिले जातात. दोन बहिणी इथे एकाच उंबऱ्यावर उभ्या आहेत.

मी इथेच सपशेल आपटले. जहाजावरच्या खलाशांसाठी आपत्कालीन सूचनांचं पत्रक होतं आणि मी ‘पोर्ट साइड’च्या जीवरक्षक होडीला ‘बंदराच्या बाजूची होडी’ लिहिलं. छापायच्या आधी ते एका निवृत्त सारंगांना, म्हणजे खलाशांच्या मुकादमांना, दाखवायला पाठवलं होतं, हे नशीब. मूळचे हर्णैकडचे, आता आमच्याच नेरुळला. त्यांनी मला घरी बोलावलं, चहा दिला आणि टेबलावर बिस्किटांचा पुडा आडवा ठेवला. “हा धक्का.” मग स्वतःचं चष्म्याचं घर त्याला उजव्या अंगाने लावलं. “आता जहाज असं लागलंय. बंदर कुठल्या बाजूला? उजवीकडं. रात्री आग लागली तर तुमचं पत्रक वाचून माझी पोरं उजवीकडं धावणार, आणि होडी तर डावीकडं. काय करायचं, सांगा.”

मी म्हटलं, मग ‘डावी बाजू’ लिहिते. ते म्हणाले, “कुणाची डावी? मागं तोंड करून उभ्या असलेल्याची?”

म्हणूनच जहाजावर साधं डावं-उजवं चालत नाही. माणूस कुठेही तोंड करून उभा असो, नाळीकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे बघितल्यावर जी डावी, तीच पोर्ट. होड्यांना नंबर देतानाही स्टारबोर्डला विषम, पोर्टला सम असा रिवाज आहे. दिव्यांचे रंगही ठरलेले, पोर्टला लाल, स्टारबोर्डला हिरवा. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणाऱ्या लाँचमध्ये संध्याकाळी बसलात तर समोरून येणाऱ्या बोटीचे दिवे बघा. तिचा लाल दिवा तुमच्या उजव्या हाताला दिसेल, कारण तिचं तोंड तुमच्याकडे आहे. विमानाच्या पंखांनाही हेच रंग. सारंगांच्या त्या चहानंतर मी ‘पोर्ट बाजू’ असाच शब्द ठेवते आणि पहिल्यांदा येतो तिथे ‘नाळीकडे तोंड केल्यावर डावी’ असं जोडते. शक्य असेल तर लाल ठिपकाही छापायला सांगते.

याच डाव्या-उजव्यावरून एक लाडकी दंतकथा आहे. विलायतेहून मुंबईला येणारे साहेब लोक उन्हाचा त्रास नको म्हणून येताना पोर्टकडची आणि परतताना स्टारबोर्डकडची खोली घेत आणि त्याची आद्याक्षरं जोडून ‘पॉश’ शब्द झाला, असं मोठे मोठे लोक छातीठोकपणे सांगतात. याला काडीचा पुरावा मिळालेला नाही. तिकिटांवर असा शिक्का कुणालाही सापडला नाही.

पोर्ट वाईनचं उगाच डोक्यावर घेऊ नका, तुमच्या यार्डात ती येणार नाही. ती पोर्तुगालच्या पोर्तो शहरावरून, आणि शहराच्या नावाचा अर्थच बंदर. त्याच भागाचं ‘पोर्टुस काले’ हे जुनं लॅटिन नाव वाढत वाढत सगळ्या देशाचं पोर्तुगाल झालं. म्हणजे ठाण्याचा किल्ला बांधायला घेणाऱ्या आणि १७३७ मध्ये मराठ्यांकडे तो घालवून बसणाऱ्या फिरंग्यांच्या देशाच्या नावातच बंदर आहे. ते गेले, किल्ल्यात आता तुरुंग आहे, आणि आपण त्यांच्याच शब्दाने चावी फिरवतो, पाव खातो, पगार मोजतो.

आणि जिथे आपल्याकडे आधीच बरा शब्द आहे तिथे पोर्टला हातही लावू नका. एअरपोर्ट म्हणजे विमानतळ. वाहनतळ, लष्करी तळ यांच्यासारखा, बंदराची उसनवारी न करता केलेला. पासपोर्टला पारपत्र. बोलताना कुणी म्हणत नाही, वागळे इस्टेटला जाणारा माणूस ‘पासपोर्टच्या कामाला चाललो’ म्हणतो, आणि तुम्हीही पुस्तिकेत पासपोर्टच लिहा. पण पारपत्र घडवणाऱ्याने, कळत असो वा नकळत, पोर्टच्या जागी त्याचाच संस्कृत नातलग आणून बसवला, याचं मला फार कौतुक वाटतं.

तर तुमची तीन वाक्यं, जी तुम्ही मुद्दाम वेगळी काढून पाठवलीत. पहिलं, ‘पोर्ट साइड टू’ बर्थ होणारं जहाज : ‘जहाज पोर्ट बाजूने, म्हणजे डाव्या अंगाने, धक्क्याला लागेल.’ इथे बंदर शब्द चुकूनही नको. दुसरं, स्कॅनरचं : ‘स्कॅनरचा यूएसबी पोर्ट कोरड्या फडक्याने पुसावा.’ पुल्लिंगी. त्याच ओघात, मालाच्या बिलावरच्या ‘पोर्ट ऑफ लोडिंग’ आणि ‘पोर्ट ऑफ डिस्चार्ज’ला ‘माल चढवण्याचे बंदर’ आणि ‘माल उतरवण्याचे बंदर’ पुरेसं आहे. पण तुमच्या यार्डातले लोक आपसांत पीओएल-पीओडी म्हणत असतील तर तेही शेजारी लिहा. ते तुम्हाला माहीत, मला नाही.

तिसरं वाक्य ‘पोर्ट ऑफ रिफ्यूज’चं. वादळात किंवा बिघाड झाल्यावर ठरलेला मार्ग सोडून जहाज जिथे शिरतं ते. कोशात ‘आश्रय बंदर’ मिळेल, चुकीचं नाही. तरी मी सारंगांना फोन केला. ते म्हणाले, “आम्ही म्हणायचो, जयगडला आसऱ्याला शिरलो.” तुम्ही ‘आसऱ्याचं बंदर’ लिहा.